अळूच्या तळ्यातली हाडं: मॉरिशसच्या निसर्ग-सभेचे कागद कसे वाचावेत

प्रश्न असा आला आहे: "मॉरिशसमध्ये १८२९ साली स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास सभेवर मला छोटा प्रबंध लिहायचा आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात, ही सगळी मळेवाल्यांची संध्याकाळची बैठक, विज्ञान वगैरे काही नाही. वाचायला मिळतं त्यात मात्र तिला बेटाच्या विज्ञानाचा पाया म्हटलेलं असतं. नेमकं काय धरायचं? आणि आपल्या मराठी मजुरांचा त्यात कुठे संबंध येतो का?"

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे माझं उत्तर किती मानायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी इतिहासकार नाही. नोकरीची सगळी वर्षं हर्बेरियममध्ये गेली. वाळवलेल्या फांद्या, त्यांना चिकटवलेले जाड कागद आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यातली ती चार बोटं रुंदीची चिठ्ठी, हेच माझं जग. झाड कोणतं, कुठे मिळालं, कधी आणि कोणी तोडलं, एवढंच त्या चिठ्ठीवर असतं, तेही पुष्कळदा अर्धवट. मॉरिशसशी माझी ओळख या चिठ्ठ्यांमुळे झाली. त्यावर 'बोजर' हे नाव इतक्या वेळा दिसे की शेवटी हा माणूस कोण, ते शोधत बसलो.

वेन्झेल बोजर हा बोहेमियाचा. १८२१ मध्ये वनस्पती गोळा करण्याच्या कामावर तो मॉरिशसला आला आणि तिथलाच झाला. २४ ऑगस्ट १८२९ रोजी ज्या चौघांनी ही सभा सुरू केली, त्यांतला तो एक. दुसरा चार्ल्स टेल्फेअर, बेलफास्टचा, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला आणि पुढे गव्हर्नर फार्कुहारचा खासगी सचिव. तिसरा ज्युलियन देजार्दँ, बेटावरच जन्मलेला फ्रेंच. चौथा जाक देलिस, औषधं करणारा. बोदँच्या फ्रेंच मोहिमेबरोबर ऑस्ट्रेलियाला निघालेला आणि १८०१ मध्ये वाटेत मॉरिशसलाच उतरून राहिलेला. टेल्फेअर अध्यक्ष झाला, देजार्दँ सचिव.

हे चौघं एकत्र बघा, म्हणजे मार्गदर्शकांच्या 'मळेवाल्यांची बैठक' या शब्दांत काय सुटतं ते कळेल. राज्य इंग्रजांचं, पण तहात रहिवाशांना भाषा, कायदे आणि धर्म राखायची हमी मिळालेली. त्यामुळे सभेचं कामकाज फ्रेंचमध्ये चाले आणि पत्रं पॅरिस व लंडन दोन्हीकडे जात. इंग्रज अधिकारी आणि फ्रेंच घराणी राजकारणात एकमेकांचं तोंड बघायला तयार नसत, तेव्हा पाली आणि शिंपले यांच्याभोवती मात्र ती एका टेबलाशी बसत. मळेवाले त्यात होतेच, आणि टेल्फेअरही मळेवालाच होता. त्याकडे पुढे येतो. १८४७ मध्ये सभेला राणीची मान्यता मिळाली आणि तिच्या नावात 'रॉयल' आलं. तेव्हापासून ती कला आणि विज्ञानाची रॉयल सोसायटी.

'पाया' या शब्दाबद्दल मात्र मी हात आखडता घेईन. पाया आधीच खणलेला होता. १७५३ मध्ये लाकाय या खगोलवेत्त्याने बेटाची मोजणी केली होती. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सन १७६८ मध्ये, पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या बूगाँविलच्या जहाजावरून इथे उतरला आणि १७७३ मध्ये इथेच वारला. त्याच्याबरोबर झाडं वेचणारा 'नोकर' म्हणजे पुरुषवेशातली जान बारे, पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री. त्याच काळात बेटाचा फ्रेंच कारभारी पिएर प्वाव्र याने पाम्प्लमूसच्या बागेत जायफळ आणि लवंग रुजवली आणि १७६९ मध्ये जंगलाचा काही भाग राखून ठेवण्याचे नियम केले. लिस्ले जॉफ्र्वाला तर तुमच्या प्रबंधात एक स्वतंत्र परिच्छेद द्या. आई गुलामगिरीतून मुक्त केलेली आफ्रिकन बाई, बाप फ्रेंच इंजिनिअर. नकाशे आणि हवामानाच्या नोंदी यांच्या बळावर हा माणूस १७८६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा पत्रव्यवहारी सदस्य झाला. सभा सुरू झाली तेव्हा तो बेटावर जिवंत होता.

जाता जाता एक गोष्ट. टोळांचा बंदोबस्त करायला म्हणून १७६२ च्या सुमारास भारतातून मॉरिशसला साळुंक्या नेल्या गेल्या. किडीवर पक्षी सोडायच्या प्रयोगाचं हे फार जुनं उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत येतं. टोळ गेले की नाही, ते सोडा. साळुंक्या मात्र आजही बेटभर कलकलाट करतात आणि तिथल्या मूळ पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतात.

आता माझ्या आवडीचा भाग. तुम्ही महाराष्ट्रात कुठेही राहत असाल तर एप्रिल-मेमध्ये खिडकीतून दिसणारा गुलमोहर या सभेच्या माणसांच्या हातून जगाला माहीत झाला. साताऱ्यात १ मे रोजी 'गुलमोहर दिन' साजरा होतो, चित्रं काढतात, कविता म्हणतात. त्या गर्दीत बोजरचं नाव किती जणांना माहीत असेल कोण जाणे. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फूलपॉइंट या गावी बोजरला हे झाड दिसलं. तिथून ते मॉरिशसला आलं आणि तिथल्या मातीत उत्तम वाढलं. टेल्फेअरने त्याची माहिती आणि चित्र ग्लासगोला वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरकडे पाठवलं, आणि १८२९ मध्ये, म्हणजे सभा स्थापन झाली त्याच साली, कर्टिसच्या वनस्पती मासिकात ते 'पॉइन्सियाना रेजिया' या नावाने छापून आलं. आज आम्ही त्याला डेलोनिक्स रेजिया म्हणतो.

या एका झाडात सभेची सगळी कामाची पद्धत दिसते, म्हणून थोडं थांबतो. झाड पाहिलं एकाने, पाठवलं दुसऱ्याने, छापलं तिसऱ्याने, आणि छापणारा तिसरा त्या बेटावर कधी गेलाच नाही. नाव कोणाचं लागायचं? वनस्पतिशास्त्राच्या नियमाने त्याचं उत्तर असं लिहितात: 'बोजर, हूकरकडून'. नाव बोजरचं, प्रसिद्धी हूकरची. हे दोन शब्द तुमच्या डोळ्यांसमोरून सहज निघून जातील, पण वसाहत आणि राजधानी यांच्यातला सगळा व्यवहार त्यांत आहे. टेल्फेअरला मोबदला दुसऱ्या तऱ्हेने मिळाला: पूर्व आफ्रिकेतल्या एका वेलीच्या प्रजातीला हूकरने 'टेल्फेअरिया' नाव दिलं. मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडवरच्या एका सापसुरळीलाही टेल्फेअरचं नाव आहे. ते देजार्दँने १८३१ मध्ये ठेवलं. सभेतली माणसं एकमेकांना अशी नावं भेट देत. आपल्याकडे शाल-श्रीफळ देतात तसंच, फक्त हे जास्त टिकाऊ.

आणि मधल्या पायऱ्या? फूलपॉइंटला बोजरला ते झाड कोणी दाखवलं, बी कोणी वेचलं, मॉरिशसच्या वाफ्यात पाणी कोणी घातलं? चिठ्ठीवर यातलं काही नसतं. टेल्फेअरचा बेल ऑम्ब्रचा उसाचा मळा गुलामांच्या श्रमावर चालत होता. आपण गुलामांना किती बरं वागवतो हे सांगायला त्याने १८३० मध्ये एक पुस्तकच छापलं, कारण इंग्लंडमध्ये त्याच्यावर टीका झाली होती. गुलामगिरी कायद्याने गेली १ फेब्रुवारी १८३५ ला. टेल्फेअर त्याआधीच, १८३३ मध्ये, गेला. त्याचं विज्ञान आणि त्याचा मळा वेगवेगळ्या प्रकरणांत टाकू नका. तो फावला वेळ आणि नमुन्यांच्या पेट्यांचं जहाजभाडं त्याच मळ्यातून येत होतं. इथे तुमचे मार्गदर्शक निम्मे बरोबर आहेत.

१८३६ मध्ये डार्विन बेटावर दहा-अकरा दिवस राहिला. त्यातले दोन दिवस बेटाचा मोजणी अधिकारी कॅप्टन लॉइड याच्याकडे त्याचा मुक्काम होता. हा लॉइड १८३२ मध्ये पीटर बोथच्या सुळक्यावर चढलेला, सभेच्या वर्तुळातलाच गडी. त्याच्याकडे बेटावरचा एकुलता एक हत्ती होता. डार्विन त्यावर बसला आणि इतक्या मोठ्या जनावराच्या पायांचा आवाज कसा येत नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्याच नोंदीत तो लिहितो की भारतातून जन्मठेपेवर पाठवलेले सुमारे ८०० कैदी इथे सार्वजनिक कामांवर आहेत, आणि ही माणसं इतकी देखणी असतील असं आपल्याला वाटलं नव्हतं. हे कैदी बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून गेलेले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं टोक इथे सापडतं, ते हातात धरून ठेवा.

आता हाडं. डोडो सतराव्या शतकातच संपला होता; सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात असा पक्षी खरंच होता का, याचीही शंका घेणारे होते. सभेच्या माणसांना हे फार लागलं असणार. आपल्या बेटावरचा पक्षी, आणि दाखवायला एक हाड नाही! १८३० च्या आसपास देजार्दँने काही हाडं पॅरिसला नामवंत प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हियेकडे पाठवली. ती मॉरिशसच्या लाव्हाखालची डोडोची हाडं आहेत, असं क्युव्हियेने धरलं. प्रत्यक्षात ती शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरची, डोडोच्या चुलतभावाची, सॉलिटेअरची होती. टेल्फेअरनेही रॉड्रिग्जच्या गुहांत माणसं पाठवून हाडं गोळा करवली आणि लंडन व ग्लासगोला धाडली. क्युव्हियेसारख्याचा घोटाळा का झाला असेल? माझ्या अनुभवात याचं कारण नेहमी एकच असतं, हाडं आणि चिठ्ठी यांची वाटेत ताटातूट होते. एका संग्रहात मी स्वतः कोकणातल्या म्हणून नोंदलेल्या गवताच्या एका गठ्ठ्यात मातीचा लाल नव्हे, काळा रंग बघून खटकल्यावर शोध घेतला, तर गठ्ठा मुळात विदर्भातला. चूक करणारा कारकून केव्हाच निवृत्त झाला होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजावर काय होत असेल, कल्पना करा.

खरी हाडं सापडायला १८६५ उजाडलं. मायेबूरचा शाळामास्तर जॉर्ज क्लार्क जवळपास तीस वर्षं शोधात होता. त्याचा तर्क असा, की मॉरिशसची जमीन लाव्हाची, खडकाळ. तिच्यावर पडलेली हाडं कुजणार किंवा पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणार. तेव्हा शोधायचं तर वाहून आलेला गाळ जिथे साचतो तिथे. त्याच सुमारास जवळच्या एका दलदलीतून मळ्याचे मजूर काळी कुजट माती खणून काढत होते, आणि तिच्यात हाडं निघत होती. रेल्वेच्या हिगिन्सन या इंजिनिअरच्या नजरेला मजुरांनी बाजूला रचलेले हाडांचे ढीग पडले होते. ही जागा म्हणजे 'मार ओ सोंज'. फ्रेंच शब्दकोश उघडला की 'सोंज' म्हणजे स्वप्न, म्हणून 'स्वप्नांचं तळं' असं रम्य भाषांतर करणारे सापडतात. त्यांच्या नादी लागू नका. मॉरिशसच्या क्रिओल बोलीत सोंज म्हणजे अळू. हे अळूचं तळं.

क्लार्कने आधी काठावर बघितलं. मग त्याने माणसांना मधोमध, सुमारे तीन फूट पाण्यात उतरवलं. त्याने लिहून ठेवलेलं आहे: ती माणसं अनवाणी पायांनी चिखल चाचपत होती आणि पायांनाच पहिलं अख्खं नडगीचं हाड लागलं. भाताच्या खाचरात चिखलणी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. चिखलातला दगड, काटकी आणि शिंपला पायाला वेगवेगळे कळतात. डोडो होता, याचा पुरावा अशा एका अनवाणी तळव्याने शोधला. क्लार्कचं नाव राहिलं. तळव्याचं राहिलं नाही.

पुढची गोष्ट वाचून मला अजून राग येतो. हाडं केंब्रिजच्या अल्फ्रेड न्यूटन या पक्षीशास्त्रज्ञाकडे निघाली होती. लंडनच्या रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञाने ती मधल्यामध्ये आपल्याकडे वळवून घेतली आणि १८६६ मध्ये डोडोवर प्रबंध छापला. घाई नडली. हाडं कशी जोडायची हे ठरवताना त्याने सव्हेरी या चित्रकाराने रंगवलेल्या डोडोच्या जुन्या चित्राची बाह्यरेषा घेतली आणि सांगाडा तिच्यात बसवला. चित्रातला पक्षी लठ्ठ, ढेरपोट्या. म्हणून सांगाडाही बसका, फतकल मारल्यासारखा झाला. काही वर्षांनी त्याने स्वतःच ती मांडणी सुधारून पक्षी जरा ताठ उभा केला, पण लोकांच्या डोक्यात बसला तो लठ्ठच. एकाच डोडोचा जवळपास पूर्ण सांगाडा शेवटी कोणी शोधला असेल? पोर्ट लुईच्या एका केशकर्तनकाराने. एतिएन तिरिऊ त्याचं नाव, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुटीच्या दिवशी डोंगरातल्या कपारी धुंडाळणारा हौशी माणूस. तो सांगाडा आज पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे. या संग्रहालयाची सुरुवातही सभेतलीच: १८४० मध्ये देजार्दँ पॅरिसमध्ये वारला आणि त्याच्या संग्रहातून १८४२ मध्ये ते उभं राहिलं.

आता 'विज्ञान वगैरे काही नाही' या वाक्याचं बघू. हाडं आणि फुलं बाजूला ठेवली तरी दोन कामं उरतात. एक जंगलाचं. सभेतल्या लुई बूतोंने १८३८ मध्येच बेटावरचं जंगल आक्रसत असल्याबद्दल लिहिलं. तेव्हा साखरेचा भाव चढा होता आणि उसासाठी डोंगरउतार मोकळे केले जात होते. ऐकणारे तेच मळेवाले, त्यामुळे परिणाम काय झाला असेल ते सांगायला नको. आज मूळचं चांगलं जंगल बेटावर दोन टक्क्यांच्या आतच उरलं आहे. पण मळेवाल्यांच्याच बैठकीत बसून एक जण हे म्हणत होता, हेही त्याच कागदांत आहे. उसाच्या खोडकिड्याचं उलट झालं. चांगलं बेणं म्हणून बाहेरून आणलेल्या उसाबरोबर तो आला, आणि खिशाला झळ लागताच सगळे कान देऊन ऐकू लागले. बोजरने म्हातारपणी त्यावर काम केलं. १८५६ मध्ये तो गेला.

दुसरं काम वाऱ्याचं, आणि ते या सभेचं नव्हे, तिच्या शेजारच्या संस्थेचं. चार्ल्स मेल्ड्रम आधी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होता. १८४८ मध्ये तो मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गणित शिकवायला गेला आणि १८५१ मध्ये त्याने तिथे हवामान सभा काढली. त्याची युक्ती साधी होती. पोर्ट लुईला थांबणाऱ्या प्रत्येक जहाजाची नोंदवही मागायची आणि वारा, दाब, जागा, तारीख यांची नक्कल करून घ्यायची. वर्षानुवर्षं असं करत त्याने हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांचे नकाशे काढले आणि वादळात वारा निव्वळ गोल फिरत नाही, आत वळत जातो, हे दाखवलं. जहाजाच्या कप्तानाला हे कळणं म्हणजे जीवन-मरणाचा प्रश्न. हे विज्ञान नसेल तर कशाला म्हणायचं, ते मार्गदर्शकांना विचारा. जरा सौम्यपणे विचारा, सही त्यांची लागणार आहे.

शेवटी मराठी मजूर. १८३४ पासून पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या घरात भारतीय करारावर मॉरिशसला गेले. त्यांतले मुंबई बंदरातून गेलेले बरेच जण रत्नागिरी आणि दक्षिण कोकणाकडचे. त्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणूनच ओळखले जातात. मार ओ सोंजच्या दलदलीत उतरलेली माणसं मराठी होती, असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका. इंग्रजी वृत्तांतांत त्यांना नुसतं 'कुली' म्हटलं आहे. पण शोधायला जागा आहे. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत: नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा, आणि नंतरच्या काळातले फोटोसुद्धा. दलदल प्लेझान्स नावाच्या मळ्याच्या हद्दीत होती. १८६५ मध्ये त्या मळ्यावर कोण कोण करारावर होतं, ही यादी लावता आली तर तुमच्या प्रबंधात असं काहीतरी असेल, जे सभेच्या एकाही अहवालात नाही. कदाचित यादी निघणार नाही. तरी एक महिना त्यावर घालवा.

आणि जाणं झालंच तर फार हिंडावंही लागणार नाही. मलेरियाच्या भीतीने ती दलदल मध्यंतरी दगडमातीने बुजवली होती, २००५ मध्ये संशोधकांनी पुन्हा उघडली. प्लेझान्सला आता बेटाचा विमानतळ आहे, आणि अळूचं तळं त्याच्या अगदी शेजारी आहे.